अकरापर्यंत

लिंडेनहोफ, मॅनिटोबा
२ फेब्रुवारी १९४७

गेरहार्ड,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. मग वाटलं, खोडलेलं दिसलं तर तू त्याचाच अर्थ लावत बसशील, म्हणून कागदच बदलला. कागद नेटाच्या वहीतला आहे. आपली बहीण हल्ली वहीची पानं मोजून ठेवते, तेव्हा तिला कळवू नकोस. कळवणार कसा म्हणा, तू कुणालाच लिहीत नाहीस.

चव्वेचाळीस साली तू मला लिहिलं होतंस, 'अंगावरचा गणवेश उतरेपर्यंत मला पत्र पाठवू नकोस.' गणवेश उतरून दीड वर्ष झालं. उजवा पाय घोट्याच्या वरपासून त्याच्याही आधी उतरला. म्हणजे तुझी अट मी जरा जास्तच पाळली.

काम आहे म्हणून लिहितोय. बाबांचं आता फार दिवस नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, गव्हाची कापणी दिसली तर दिसली. तशीही ती दिसणार नाहीच, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पण घर आणि गोठा एकाच छपराखाली असल्याचा त्यांना केवढा आधार! स्वयंपाकघरातून भिंतीला हात लावत गोठ्यात जातात, एकेका गाईच्या पाठीवर हात फिरवतात आणि परत येतात. चाऱ्याच्या खोलीची पायरी मोडलीय, तिथे नेमके अडखळतात. नेटा मला रोज म्हणते, 'दुरुस्त कर ना रे.' मी रोज म्हणतो, 'उद्या.'

आता मुद्दा. मी सैन्यात गेलो त्या वर्षापासून बाबांनी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकरी घेतलेली नाही. पाच वर्षं. भाकरीचं ताट बाकावरून सरकत येतं, बाबा ते दोन्ही हातांत घेतात आणि तुकडा न उचलता शेजारच्याकडे देतात. पाळक पेनर यांनी तीनदा कारण विचारलं. तीनदा एकच उत्तर: 'माझी दोन्ही मुलं घेऊ शकतील, तेव्हा मीही घेईन.' 'दोन्ही' हे त्यांचं बोलायचं वळण असावं. तुझं नाव चर्चच्या मंडळीत स्वच्छ आहे. तू शस्त्राला नाही म्हणालास, सैन्याऐवजी सरकारी छावणीत जाऊन झाडं लावलीस. अडचण मी आहे: शस्त्र उचललेल्याला आपल्या पंथात ती भाकरी नाही. गावात बोलतात, धाकट्यानं म्हाताऱ्याचा आत्मा पणाला लावला. माझ्या तोंडावर बोलत नाहीत, पण दुकानात मी शिरलो की सूर्यफुलाच्या बिया फोडायचा आवाज थांबतो.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी प्रभुभोजन आहे. बाबांसाठी ते शेवटचं. त्यांना त्या भाकरीवाचून मरायची भीती वाटते; नेटाला त्यांनी तसं सांगितलं, मला नाही. मी काय करू, ते सांग. प्रश्नांची उत्तरं आपल्या घरात नेहमी तुलाच यायची.

डीट


१६ फेब्रुवारी

गेरहार्ड,

उत्तर नाही. बर्फामुळे टपालाची गाडी आठ दिवस अडली होती, तेव्हा तुला संशयाचा फायदा देतो.

पाळक पेनर येऊन गेले. घसरगाडीवरून उतरले, मिशांवरचं बर्फ झाडलं, नेटाच्या हातचं आलुबुखाऱ्याचं सूप दोन वाट्या प्यायले आणि मग खिशातून एक चिठ्ठी काढली. माणूस वाईट नाही. चिठ्ठीवर तीन वाक्यं: 'मी स्वतःच्या मर्जीने शस्त्र उचललं. ते पाप होतं. मला क्षमा करा.' ईस्टरच्या आधीच्या, पाम रविवारच्या आदल्या दिवशी मंडळीतल्या पुरुषांच्या बंधुसभेत उभं राहून एवढं म्हणायचं, की मंडळीचं दार उघडं.

"एका दमात होतं बघ, डीट," पाळक म्हणाले. "सैन्यातून आलेल्या अब्राम लोवेननं शरदात म्हटलं. संध्याकाळी त्याच्या घरी कॉफीला अर्धं गाव होतं."

"आणि मला तसं वाटत नसेल तर?"

"म्हणता म्हणता वाटायला लागतं."

बाबा चुलीशी बसले होते.  त्यांच्या हातातली काठी जमिनीवर एकदा वाजली.

तुला खरं सांगतो, कारण तू इतका दूर आहेस की तुझ्या तोंडाकडे मला बघावं लागत नाही. माझा देवावर विश्वास उरलेला नाही. उरलेला नाही म्हणजे, सकाळी नसतो. दुपारी गाईची धार काढताना तिच्या कुशीला कपाळ टेकलं की पुन्हा थोडा येतो, आणि आला की मला त्याचा संताप येतो. कारण तो असेल, तर तो त्या अंगणात होता आणि गप्प राहिला. कुठल्या अंगणात ते आज नाही सांगत.

आपल्याकडे जेवणाआधीची प्रार्थना मुकी असते हे किती बरं! सगळे माना खाली घालतात, बाबा मान वर करून श्वास सोडतात, की चमचे उचलायचे. मधल्या वेळात कोण काय करतं कुणाला कळत नाही. मी आकडे मोजतो. अकरापर्यंत. दीड वर्ष मी या टेबलावर रोज तीनदा अकरापर्यंत मोजतोय, आणि नेटा शेजारणीला सांगते की डीट जेवणाआधी किती मनापासून प्रार्थना करतो.

मग तू म्हणशील, देवच नाही तर अडलंय कुठे? तीन वाक्यं बोल, बाबांना भाकरी मिळू दे, मोकळा हो. अरे, तेच तर मला कळत नाही! आपले लोक न्यायालयातसुद्धा शपथ घेत नाहीत, कारण आपलं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. देव गेला आणि ही सवय तेवढी माझ्याकडे ठेवून गेला. चिठ्ठी मी गोठ्यात मोठ्यानं म्हणून पाहिली. पहिल्या वाक्यालाच जीभ टाळूला चिकटली. खोटं बोललो तर बाबा सुखानं मरतील. नाही बोललो तर माझ्यामुळे उपाशी मरतील. मला या घरात श्वास घेता येत नाहीये, गेरहार्ड.

डीट


९ मार्च

गेरहार्ड,

चिठ्ठीतलं पहिलं वाक्य खोटं आहे हे जगात फक्त दोघांना माहीत आहे. एक मी, दुसरा तू. आता त्याबद्दल लिहितो. पाच वर्षं लिहिलं नाही.

एकेचाळीसचा नोव्हेंबर. न्यायाधीशांसमोर उभं राहून पटवायचं होतं की आपण धर्माखातर लढणार नाही. ते प्रत्येकाला एकच विचारतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं: 'घरात शत्रू घुसला आणि बहिणीवर हात टाकला, तर तू काय करशील?' महिनाभर आपण गोठ्यात तयारी केली. तुझं उत्तर लांबलचक, वचनांनी भरलेलं. माझं मला एकदा धार काढताना सुचलं होतं: 'मी मधे उभा राहीन. तिच्यापर्यंत जायला त्याला आधी मला मारावं लागेल. पण मी त्याला मारणार नाही.' तू म्हणाला होतास, 'एवढंसंच? न्यायाधीश हसतील.'

तुला आधी बोलावलं. तुझे कान लाल झाले होते, मागून दिसत होते. एक वचन अर्धं म्हणालास आणि अडलास. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. मग तू माझं उत्तर म्हणालास. शब्द न् शब्द. ते हसले नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हा मुलगा खरं बोलतोय."

मग मी. तोच प्रश्न. मीही तेच म्हणालो असतो, तर दोघं पाठ करून आलोय म्हणून दोघांनाही हाकललं असतं. दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी गप्प राहिलो. "उत्तर नाही?" न्यायाधीश म्हणाले. "मग सैन्य शिकवेल तुला."

संध्याकाळी घरी तू जेवणाच्या टेबलावर न्यायाधीशांना दिलेलं उत्तर स्वतःचं म्हणून सांगितलंस, माझ्याकडे न बघता. आणि मी म्हणालो, "मी माझ्या मर्जीनं जातोय. मला लढायचंय." नेटा रडायला लागली. बाबा ताटाकडे बघत राहिले. तेव्हा त्यांना दिसत होतं.

मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. हे वाचून तुला बरं वाटेल की वाईट, ठाऊक नाही. रागावलो ते तुझ्या त्या गणवेशाच्या ओळीवर. ती मला हॉलंडमध्ये चिखलात मिळाली. मी इतका हसलो की शेजारचा घाबरला.

आता बंधुसभेत खरं बोलायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल. तुझ्या परवानगीशिवाय घेणार नाही. दोन शब्द लिही. 'हो' किंवा 'नाही'. तेवढं तर येतं ना आपल्याला?

डीट


२३ मार्च

गेरहार्ड,

तू पाठवलेला सफरचंदाच्या वाळवलेल्या फोडींचा डबा मिळाला. पत्र नव्हतं. मी डबा तळापर्यंत उपसला, मग टेबलावर पालथा केला. नेटा म्हणाली, "काय शोधतोयस?" म्हटलं, "किडे." बाबांनी एक फोड तोंडात ठेवली, बराच वेळ घोळवली आणि म्हणाले, "गोड आहेत. पण पोराला बोलायला नको असलं की तो खायला पाठवतो." माझ्याकडे वळून म्हणाले का कुणास ठाऊक.

सभा पुढच्या शनिवारी आहे. तुझं नाव घेणार नाही, झोप निवांत. पण चिठ्ठीतलं दुसरं वाक्यही खोटं आहे. त्याचंही ऐकून घे. हे कुणाला सांगितलेलं नाही.

लहानपणी दुधाची किटली सांडली की आपण चाऱ्याच्या खोलीत लपायचो. बाबा दाराशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाहेर या. कुणी काही करणार नाही तुम्हाला." आपण बाहेर यायचो, आणि खरंच काही करायचे नाहीत. एकदाही नाही. त्या शब्दांवर आपला केवढा भरवसा होता!

पंचेचाळीसचा मार्च. ऱ्हाइनच्या अलीकडे एक शेतघर. अगदी आपल्यासारखं, गोठा घराला चिकटलेला. तळघरात जर्मन सैनिक लपले होते. सार्जंट मला म्हणाला, "ही तुझीच भाषा ना? बोलाव त्यांना. नाहीतर मी आत हातबॉम्ब टाकतो." मी तळघराच्या तोंडाशी वाकलो. चर्चमधली शुद्ध जर्मन तोंडात आलीच नाही. घरची बोली आली. "बाहेर या. कुणी काही करणार नाही तुम्हाला."

आणि आतून जवळजवळ आपल्याच बोलीत उत्तर आलं, गेरहार्ड. "हो हो, येतो. पायरी मोडलीय इथली, जरा दमानं."

अकरा जण अंगणात आले. पहिला पांढऱ्या दाढीचा, त्यानंच उत्तर दिलं होतं. एकानं डोक्याला बायकी लोकरी शाल गुंडाळली होती, दात दुखत असावा. म्हातारा हात वर धरून हसला आणि मला म्हणाला, "तू कुणाचा रे?" आपल्याकडे विचारतात तसंच, गावात नवा माणूस दिसला की. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

दोन दिवसांपूर्वी असाच हात वर करून आलेल्या एकानं आमचा माणूस मारला होता. मेलेल्याचा दोस्त माझ्या मागे उभा होता. बंदूक त्याची चालली. माझी पाठीवरच होती. युद्धभर मी ती झाडांवर आणि ढगांवर चालवली, एवढं तुझ्या समाधानासाठी. पण ते अकरा जण बंदुकीला भिऊन बाहेर आले नव्हते. माझ्या शब्दावर आले होते.

सार्जंट एवढंच म्हणाला, "चला." आम्ही चाललो.

सहा दिवसांनी माझा पाय सुरुंगावर पडला. आडवा पडल्या पडल्या मला आनंद झाला होता, वेड्यासारखा आनंद. म्हटलं, आला, शेवटी देव आला. मग कळलं की तो नुसता सुरुंग होता.

आता मला सांग, मंडळी मला शस्त्र उचलल्याची क्षमा करणार. ती घेऊन मी काय करू? जे केलं त्याचं नाव त्या चिठ्ठीत नाही. आणि ज्यांनी क्षमा करायची ते अकरा जण तिकडच्या अंगणात मेले. देव नसेल तर हे कधीच कुणी पुसणार नाही. असेल तर त्याला सगळं माहीत आहे आणि तो रोज माझ्यासमोर टेबलावर बसतो. दोन्हींतलं काय जास्त भयानक, ते तूच ठरव.

डीट


५ एप्रिल

प्रिय गेरहार्ड,

गेल्या शनिवारी सकाळी नेटानं माझा काळा कोट घासून खुंटीला लावला, आणि मी पळालो. कुठे पळणार, लाकडी पायानं? चाऱ्याच्या खोलीत. एकतीस वर्षांचा घोडा, गवताच्या भाऱ्यामागे गुडघे पोटाशी घेऊन बसलो. ठरवलं होतं, सभेची वेळ टळेपर्यंत बाहेर यायचं नाही. त्यापुढचंही काही ठरवलं होतं, ते लिहीत नाही. दोर तिथेच टांगलेला असतो, तुला माहीत आहे.

भिंतीवरून हात सरकत येतोय असा आवाज आला. मग काठी दाराशी थांबली.

"बाहेर ये, डीट. कुणी काही करणार नाही तुला."

मी ओरडलो. इतका ओरडलो की गाई दचकून उठल्या. "बाबा, ते शब्द नका वापरू! तेवढे शब्द नका वापरू!" आणि मग सगळं सांगून टाकलं. तळघर, म्हातारा, शाल, सगळं. ते मोडक्या पायरीवर बसून ऐकत होते. 

"किती होते म्हणालास?"

"अकरा."

"म्हणजे जेवणाआधी तू त्यांना मोजतोस."

मी गवताच्या भाऱ्यामागून डोकं वर काढलं.

"तुझे ओठ वाजतात रे," बाबा म्हणाले. "डोळे गेल्यापासून मला सगळं ऐकू येतं. मी विचार करायचो, हा दरवेळी अकरावरच का थांबतो? पण थांबतो खरा. म्हणून मीही तेवढं थांबतो आणि मग मान वर करतो."

दीड वर्ष, गेरहार्ड! दीड वर्ष माझं मोजून होईपर्यंत तो म्हातारा मान खाली घालून बसत होता, आणि सूप गार होत होतं.

मी विचारलं, "बाबा, देव मला क्षमा करेल?" वाटलं होतं, चटकन हो म्हणतील. ते म्हणाले, "मला नाही सांगता येत. मलाही भीती वाटतेय. चल, घोडे जुंप. सावकाश ये, पायरी मोडलीय."

सभेत मी उभा राहिलो. चिठ्ठी खिशातच ठेवली. न्यायाधीशांसमोर मला उत्तर देता आलं नाही, एवढंच त्याबद्दल बोललो. ते खोटं नाही, आणि त्यात तू नाहीस. मग अकरा जणांचं सांगितलं. चाळीस माणसं, पण कुणाच्या बुटाचाही आवाज नाही. शेवटी म्हातारे ड्युक काकुळतीला येऊन म्हणाले, "अरे पोरा, लिहून दिलंय तेवढंच म्हण ना! सगळे घरी जाऊ."

"तेवढं खरं नाही, काका."

पाळक पेनर यांचे डोळे भरले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाले, "डीट, शस्त्र उचलल्याची क्षमा कशी करायची ते आम्हाला येतं. हे आम्हाला येत नाही. शरदापर्यंत प्रार्थना करू, मग बघू." शरदापर्यंत! बाबा माझ्या शेजारी बसले होते. शरद म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. 

काल शुक्रवारी ताट बाकावरून सरकत आलं. मी ते घेतलं आणि बाबांच्या हातात दिलं. मनात म्हणत होतो, घ्या, एकदा तरी घ्या, माझा विचार सोडा. त्यांनी दोन्ही हातांत धरलं. अंगठ्यानं एका तुकड्याची कड चाचपली. आणि पुढे दिलं. माझ्या खरेपणाची ही किंमत, आणि भरली त्यांनी. त्या क्षणी मला चिठ्ठीतलं वाक्य ओरडून म्हणावंसं वाटलं. उशीर झाला होता.

नंतर पुरुषमंडळी जोडीजोडीनं एकमेकांचे पाय धुवायला बाजूच्या खोलीत गेली. भाकरी न घेणाऱ्यांना तिथे जागा नसते. आम्ही घरी आलो. बाबा स्वयंपाकघरात कोटही न काढता म्हणाले, "नेटा, कोमट पाणी आण. मोठ्या परातीत." मग मला म्हणाले, "बस."

गुडघ्यांवर यायला त्यांना किती वेळ लागला! आधी डावा पाय धुतला. मग उजव्या बुटाची नाडी सोडायला लागले.

"बाबा, तो लाकडाचा आहे."

"ठाऊक आहे. मी आंधळा आहे, खुळा नाही."

पाण्यात धरला. टाचेवरून, तळव्याखालून हात फिरवला. बोटांच्या जागी नुसत्या खाचा कोरल्यात, त्या एकेक करून पुसल्या. मग मी त्यांचे धुतले. पातळ, निळे झालेत रे त्यांचे पाय. रीतीप्रमाणे त्यांनी माझ्या गालाचं चुंबन घेतलं. नेटा चुलीकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते.

मी वाट पाहत होतो, आत काहीतरी होईल म्हणून. झालं नाही. लाकूड तेवढं फुगलं. आज बूट चढत नाहीये.

डीट


२२ जून

प्रिय गेरहार्ड,

तार तुला मिळाली असेल. नसेल तर हे वाच: बाबा मंगळवारी सकाळी गेले. गहू अजून हिरवा आहे. काल त्यांना आईच्या कबरीशेजारी ठेवलं.

भाकरी न घेता गेले. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी बदलत नाही.

सोमवारी दुपारी ते बरे वाटत होते. तुझ्या सफरचंदाच्या फोडी भिजवून मागितल्या. नेटा बागेत होती. मी चमच्यानं भरवत होतो. अचानक म्हणाले, "गेरहार्डनं तुझं उत्तर दिलं ना तिथे?"

माझा चमचा थांबला.

"'मी मधे उभा राहीन,'" बाबा म्हणाले. "तू गोठ्यात म्हणालास तेव्हा मी पलीकडच्या गाईखाली बसलो होतो. तुम्हा दोघांना वाटलं, कुणी नाही. मी त्या दिवशी धार काढायचा थांबलो होतो. असं उत्तर मला आयुष्यात सुचलं नसतं. मग तुम्ही शहरातून आलात, आणि तो माझ्यासमोर ते स्वतःचं म्हणून सांगायला लागला."

"तेव्हापासून ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"वाट पाहत होतो. दोघांपैकी एक तरी येऊन सांगेल म्हणून. तू त्याला वाचवायला खोटं बोललास, आणि तो लाजेनं गप्प बसला. दोन्ही पोरं अंधारात बसलीत, मी एकटा कसा जेवू त्या ताटातलं?"

दोन्ही. ऐकलंस ना? आम्ही सगळे समजत होतो की बाबा माझ्यामुळे उपाशी आहेत. सबंध गाव समजत होतं. ते तुझ्यासाठीही तेवढेच उपाशी होते, पाच वर्षं, आणि तुझ्या नावाला धक्का लागू नये म्हणून कारण कुणाला सांगत नव्हते. तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. एकट्यानं हे बाळगायची ताकद माझ्यात नाही, म्हणून लिहितोय.

मी त्यांना विचारलं, "भीती वाटते का अजून?" म्हणाले, "वाटते." थोड्या वेळानं म्हणाले, "पण हाक ओळखीची असेल." मग फोडी गोड आहेत म्हणाले आणि झोपले. ओळखीची हाक काय करते, ते मी त्या अंगणात पाहिलंय, त्यामुळे मला त्यातून धीर आला असं सांगत नाही. तू त्याचं काय ते कर.

आता टेबलावर त्यांच्या जागी मी बसतो. नेटानंच बसवलं. मी मान वर करीपर्यंत ती मान खाली ठेवते. काल दफनाहून आलो, जेवायला बसलो, मान खाली घातली. अकरा झाले. मान वर होईना. बारा म्हणालो. मग म्हणायला आकडाच नव्हता, तरी मी तसाच बसलो. कुणासमोर बसलो होतो, ते मला विचारू नकोस. शेवटी नेटा हळूच म्हणाली, "डीट, सूप." तेव्हा कुठे श्वास सोडला.

प्रभुभोजन ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. मंडळी मला घेईल की नाही, माहीत नाही. तो तुकडा तोंडात घ्यायला मला जमेल की नाही, तेही माहीत नाही. पण बाबांची अट दोघांची होती.

बाहेर ये, गेरहार्ड. कुणी काही करणार नाही, असं मी म्हणत नाही. ते मी आता कुणालाच म्हणत नाही. चाऱ्याच्या खोलीची पायरी मात्र आज दुरुस्त केली. दोन्ही पायांनी उभा राहून पाहिलंय.

तुझा भाऊ,
डीट